आठवी ब आणि अष्टदिशा

"बाई, तुमच्या आग्नेयेला झुरळ आहे."

सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नोकरीवर रुजू होऊन मला तासही झाला नव्हता. शिक्षकखोलीत मी नवी साडी सांभाळत बसले होते. आग्नेय म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधली दिशा, इथवर मला ठाऊक होतं. पण त्या खोलीत पूर्व कुठे? सकाळी बसमधून उतरले तेव्हा ऊन कुठल्या गालावर होतं ते आठवून मी पूर्व ठरवली, तिथून दक्षिणेकडे निम्म्या वाटेवर आले, तोवर झुरळ पदरावरून खांद्यावर पोचलं होतं. मी किंचाळले. सर वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "आता ते नैर्ऋत्येला गेलं."

सर आठवीपासून पुढच्या वर्गांना भूगोल शिकवायचे. उंच, काटकुळे, पँट छातीच्या जरा खाली बांधलेली आणि खिशात तडा गेलेल्या काचेचं होकायंत्र. डावं-उजवं हे शब्द त्यांना मुळीच चालत नसत. "माणूस वळला की त्याची डावी बाजू वळते. पूर्व वळते का?" असं ते विचारत, आणि याला उत्तर सुचत नसल्यामुळे आम्ही सगळे चिडत असू. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले होते. सर म्हणाले, "उत्तरेची चटणी वाढ." वहिनींनी न चुकता तीच वाढली. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "नवीन लग्न झालं तेव्हा फार रडू यायचं हो. आता माहेरी गेले की मीच भावाला सांगते, पश्चिमेचा दिवा घालव म्हणून."

शाळा नेरूळला. आज तिथे उभं राहून सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा नेरूळ म्हणजे सारख्या दिसणाऱ्या चार-चार मजली इमारती, त्यांच्यामधून गेलेले रुंद रिकामे रस्ते आणि कमरेएवढं गवत. गिरगावातून, परळहून, कोकणातून, घाटावरून आलेली माणसं आपापली इमारत चुकायची आणि भलत्याच दाराची बेल वाजवायची. सरांच्या वर्गातली मुलं मात्र कधी चुकली नाहीत. कुणाला कोपऱ्यात उभं करायचं तर सर नुसतं "वायव्य" म्हणत, आणि पोरगं मुकाट्याने बरोबर त्या कोपऱ्यात जाई.

यातून एकदा भलताच घोटाळा झाला. शाळेची मुतारी इमारतीच्या ईशान्येला होती. मुलं सरांच्या तासाला करंगळी दाखवण्याऐवजी "सर, ईशान्येला जाऊ?" असं विचारत. होता होता सगळी शाळा तसंच म्हणू लागली. मग एक दिवस एक पालक तणतणत आले. त्यांच्या घरी देवघर ईशान्येला. रविवारी ते पूजेला बसले असताना त्यांचा मुलगा सर्वांसमोर म्हणाला होता, "आई, जोरात लागलीय, ईशान्येला जाऊन येतो." मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, भूगोलाच्या सरांना बोलावून घेतलं. सरांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि पालकांना विचारलं, "तुमच्या घरातली मुतारी कुठे आहे?" पालक विचारात पडले. त्यांना सांगता येईना. सर मोठ्या सरांकडे वळून म्हणाले, "आता बोला."

दुसरं म्हणजे घड्याळ. सरांचं घड्याळ आमच्या सर्वांच्या चाळीसेक मिनिटं मागे असे. ते बिघडलेलं नव्हतं, मुद्दाम लावलेलं होतं. आपल्या देशातली घड्याळं तिकडे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेली आहेत. तिथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा इथे तो अजून चढतच असतो. मग मिर्झापूरचे बारा आपले म्हणून का मिरवायचे, हा त्यांचा सवाल. मोठे सर साताऱ्याकडचे, आवाज मोठा, माणूस सरळ. मस्टरवर लाल शेरा मारता मारता ते एकदा गरजले, "सर, पुन्हा उशीर?"

"मी वेळेवर आहे. तुम्ही सगळे लवकर आलात."

"असं? मग पगारबी मिर्झापुरातनंच आणा!"

त्यानंतर सरांनी दोन घड्याळं वापरायला सुरुवात केली. एक शाळेचं, एक खरं. शाळेचं बहुधा खिशातच राहायचं.

आणि टिकलीचं राहिलंच. वर्गातला महाराष्ट्राचा नकाशा जुना होता. त्यात मुंबई होती, ठाणं होतं, पनवेल होतं, आणि आम्ही जिथे राहत होतो तिथे नुसता खाडीचा फिकट निळा रंग होता. मुलं विचारत, "सर, आपण कुठाय?" सरांना हे फार लागायचं. म्हणून दर सोमवारी ते शिक्षकखोलीच्या दारात येऊन मला म्हणत, "बाई, टिकली द्या." मी कपाळावरची एखादी उतरवून देई किंवा पाकिटातली काढून देई, आणि ती नकाशावर खाडीच्या काठी नेरूळ म्हणून चिकटे. आठवड्याभरात पंख्याच्या वाऱ्याने ती पडून जाई. संगीताच्या बाई नव्याने आल्या तेव्हा त्यांनी हे बघितलं, आणि तीन दिवस त्या माझ्या शेजारी बसल्या नाहीत.

हे सगळं मजेचं होतं. मग आठवी ब चा प्रश्न आला.

त्या वर्षी सातवीतून आठवीत येणारी मुलं कमी पडली. आठवीच्या दोन तुकड्या होत्या. दुसरी तुकडी चालू ठेवायची तर तिच्यात ठरलेली मुलं हवीत, आणि खात्याचे साहेब येऊन मोजतील त्या दिवशी ती वर्गात हजर दिसायला हवीत, असा नियम. तुकडी गेली की तिचे तास जाणार, तास गेले की एक शिक्षक जास्तीचा ठरणार, आणि जास्तीचा म्हणजे नोकरीत सर्वांत धाकटा. म्हणजे मी. आमचे हे पावणे गावातल्या ज्या कारखान्यात कामाला होते तो टाळेबंदीत होता. घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. मी शाळेत हसून बोलायची आणि मुतारीत, म्हणजे ईशान्येला, जाऊन रडायची.

मोठे सर म्हणाले, "मुलं हुडका." सगळे शिक्षक घरोघर जाऊन दारं वाजवू लागले. भूगोलाच्या सरांनी मात्र एकही दार वाजवलं नाही. ते मला घेऊन रस्त्यावर उभे राहिले आणि वर बघू लागले.

"सर, काय बघताय?"

"धुणं," सर म्हणाले. "लोकसंख्येचं वितरण घरात शिरून कळत नाही, बाई. दोरीवर कळतं."

त्यांनी सगळ्या वसाहतीचा नकाशा काढला होता. ज्या गॅलरीत गणवेशाची निळी चड्डी किंवा निळा स्कर्ट वाळत असे तिथे ते ठिपका देत. माझ्यासारख्या बाईमाणसाने एका पुरुषाबरोबर भर दुपारी लोकांच्या गॅलऱ्यांकडे टक लावून उभं राहायचं, याची कल्पना करा. एकदा वरून एक बाई ओरडल्या, "ओ, काय बघताय इतका वेळ? चड्ड्या कधी बघितल्या नाहीत का?"

"निळी कितवीतली आहे?" सरांनी खालून विचारलं.

"सहावीतली!"

"लहान आहे. राहू द्या," असं म्हणून सर पुढे निघाले, आणि त्या बाई कितीतरी वेळ आमच्याकडे बघत राहिल्या.

मग एक दिवस सर धावतच शिक्षकखोलीत आले. मी त्यांना धावताना पहिल्यांदाच पाहत होते. "बाई, चला. एका गॅलरीत निळ्या चड्ड्यांची रांगच्या रांग आहे. आपल्या वसाहतीतलं गंगेचं खोरं सापडलं." आम्ही तिसऱ्या मजल्यावर चढलो. एवढी मुलं एका घरात म्हणजे माझी अर्धी नोकरी. सरांनी बेल दाबली. दार उघडलं ते दाराएवढ्याच रुंद, मिशीवाल्या गड्याने. त्याच्यामागे तसेच आणखी गडी चटईवर बसून भाकरी खात होते. कुठल्याशा कारखान्याचा कबड्डीचा संघ होता तो. सगळा सांगलीकडचा.

"काय पायजे?" गड्याने विचारलं.

सर म्हणाले, "तुमच्यात आठवीत कुणी आहे?"

"आठवीत कोन न्हाई. आठवी नापास एक हाय," असं म्हणून त्याने आत बोट दाखवलं. आतला गडी लाजला.

"पुन्हा बसायचं आहे का?" सरांनी त्याला विचारलं. मी सरांची बाही ओढून त्यांना जिन्यावर आणलं. खाली येईपर्यंत सर स्वतःच्या कपाळावर हात मारत होते. "प्रमाण, बाई, प्रमाण! नकाशाचा पहिला नियम. खालून बघताना चड्डीचं माप धरलंच नाही मी. आठवीची मुलं नापास करतो मी या चुकीबद्दल."

पण त्याच नकाशाने करावं गाव गाठलं. खाडीकडेचं जुनं गाव, आमच्या शाळेपासून नैर्ऋत्येला. तिथल्या दोऱ्यांवर सरांना निळे स्कर्ट दिसले, पण अकराच्या सुमाराला, म्हणजे शाळा भरायच्या वेळी, तेच स्कर्ट गावातच घरकाम करणाऱ्या मुलींच्या अंगावर दिसत. कडेला दुसऱ्याच कापडाची पट्टी लावून लांब केलेले. सर मला म्हणाले, "म्हणजे सातवी झाली, शाळा सुटली आणि स्कर्ट कामाला लागला." ते खरंच होतं. पाचसात मुली अशा घरी बसल्या होत्या. आम्ही त्यांतल्या एकीच्या आईकडे गेलो. ती अंगणात जाळं दुरुस्त करत होती.

"पोरीला पाठवाला माजी ना नाय, मास्तर," ती म्हणाली. "पन वाटेमंदी नवा रस्ता झालाय. डंपर कसं धावतान, बघलं ना? कोन नेल, कोन आनल?"

"मी," सर म्हणाले.

झालं. दुसऱ्या दिवसापासून सर रोज सकाळी करावं गावात जाऊन मुलींची रांग घेऊन येऊ लागले. अर्थात त्यांच्या घड्याळाप्रमाणे. त्यामुळे आठवी ब च्या या मुली रोज पहिला तास संपता संपता यायच्या, आणि मोठे सर दारात उभे राहून दात-ओठ खायचे. पण बोलणार काय? तुकडी भरली होती. अगदी काठावर, एकही मूल गैरहजर राहून चालणार नाही अशी भरली होती.

साहेब यायचा दिवस ठरला तो जुलैच्या अखेरचा. त्या दिवशी मोठ्या सरांनी सरांना सकाळीच धाडून मुली मिर्झापूरच्या वेळेवर आणवल्या आणि मला बजावलं, "बाई, आठवी ब च्या दारात तुम्ही बसायचं. साहेब येऊन मोजूस्तवर एक पोर भाईर जाता कामा नये. पाणी प्यायलाबी न्हाई." साहेब बाराला येणार होते. बारा वाजून गेले. आठवडाभर कोसळणारा पाऊस सकाळी थांबला होता. साडेबाराला ढग फाटले आणि लख्ख ऊन पडलं.

दारात सर उभे. हातात क्रिकेटचा स्टंप, चेहरा लग्नाच्या मुलासारखा.

"बाई, वर्ग द्या."

मी समजले नाही. सरांनी घाईघाईने सांगितलं. आपल्याकडे वर्षातून दोनदाच सूर्य अगदी बरोब्बर माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. एकदा मे महिन्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीला, तेव्हा ढग. "नोकरीला लागल्यापासून वाट बघतोय, बाई. कुठल्याच वर्गाला दाखवता आलं नाही. आज ऊन आहे. तुमच्या पावणेएकला सावली जाईल. दहा मिनिटांचं काम आहे."

"सर, यातलं एक मूल जरी बाहेर गेलं आणि साहेब आले, तर मी उद्यापासून घरी."

सरांनी वर्गाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले आणि एकटेच मैदानात गेले. मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीकडे पाठ करून बसले.

तेवढ्यात शिपाई ओरडत आला, "सायेबांची जीप आली!" मोठे सर हार घेऊन धावले. साहेब मैदानातून चालत येत होते. मध्येच सर कडाडले, "साहेब, तिथेच थांबा! खाली बघा!"

साहेबांनी साप असेल म्हणून एक पाय वर उचलला. "काय आहे?"

"तुमची सावली. केवढीशी राहिलीय बघा. थोड्या वेळात तीही जाईल."

साहेबांनी पाय खाली ठेवून पाहिलं. त्यांना गंमत वाटली असावी. आपल्याच पायाभोवती त्यांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, "मग मुलांना दाखवा की! वर्गात कशाला कोंडलंय?"

खिडक्यांना कान लागलेलेच होते. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळी शाळा मैदानात सांडली. मोठे सर हातातला हार स्वतःच्या छातीशी धरून उभे राहिले. साहेब म्हणाले, "ठीक आहे, इथंच मोजतो. आठवी अ तिकडे. आठवी ब माझ्यासमोर."

आठवी अ मोजून झाली. आठवी ब मोजता मोजता साहेबांचा चेहरा बदलला. मुलं जास्त भरत होती. आठवडाभर मोठे सर प्रत्येक वर्गात जाऊन सांगत होते, आठवी ब भरली पाहिजे. सातवीच्या मुलांनी ते मनावर घेतलं होतं आणि शाळेवरच्या प्रेमापोटी तीही येऊन रांगेत उभी राहिली होती.

"पटापेक्षा जास्त?" साहेब म्हणाले. "उसनी मुलं उभी करता? मला हे नवीन नाही. आता यातली खरी किती आणि उसनी किती, कोण सांगणार? ही तुकडी मी मंजूर करत नाही." त्यांनी पेनला टोपण लावलं आणि जीपकडे वळले. मोठे सर मागे धावत होते, "साहेब, तसं न्हवं, साहेब!" मी सरांच्या शेजारी मटकन खाली बसले.

सर ओणवे होऊन स्टंपकडे बघत होते. सावली बोटभर राहिली होती. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, पुन्हा स्टंपकडे पाहिलं.

"बाई, हा धरा. हलवायचा नाही. सावलीवरून नजर काढायची नाही," असं म्हणून ते लांब टांगा टाकत साहेबांपाशी गेले. "साहेब, एक मिनिट. प्रत्येक मुलाला विचारा, घर कुठे? बस, एवढंच. माझा विद्यार्थी कोण ते आपोआप कळेल."

साहेब वैतागून वळले आणि पहिल्याच मुलाला विचारलं, "घर कुठाय रे?"

"पाण्याच्या टाकीच्या मागं."

"हा माझा नाही," सर म्हणाले. "सातवी. जा तिकडे."

पुढे करावं गावातली मुलगी होती. "नैर्ऋत्येला हाय माजा घर, सायेब."

"अगं, पाऊस येतो त्या बाजूने येतेस की तू!" साहेब म्हणाले.

"त्याच्यासंगंच येतंय," ती म्हणाली. तिच्या स्कर्टची पट्टी अजून ओली होती.

पुढचा मुलगा म्हणाला, "वायव्येला, साहेब. पण शाळेपासून. तुमच्या जीपपासून धरलं तर उत्तरेला."

साहेब हसले. रांग पुढे सरकत गेली. आग्नेय, पश्चिम, नैर्ऋत्य, नैर्ऋत्य. मध्येच एखादं "दूधकेंद्राशेजारी" आलं की सर त्याला बाजूला काढत. शेवटच्या मुलीने आपलं घर सांगून वर विचारलं, "साहेब, तुमी ठाण्याहून आला ना? मग तुमी उत्तरेचे." साहेबांनी पुन्हा मोजलं. आकडा पटाला बरोबर जुळला. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

सर धापा टाकत माझ्याकडे आले. स्टंपच्या पूर्वेला बारीकशी सावली दिसू लागली होती.

"पूर्वेला आली! म्हणजे गेली होती. पाहिलीत? कशी गेली?"

"सर, मी... मी तिकडे बघत होते."

"तिकडे कुठे?"

"जीपच्या पश्चिमेला. माझी नोकरी तिथे होती, सर."

आयुष्यात प्रथमच मी आपणहून दिशा सांगितली होती. पण सरांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. त्यांनी माझ्या हातातून स्टंप काढून घेतला आणि निघून गेले. त्यानंतर त्यांचा माझ्याशी अबोला. माझ्यासाठी त्यांनी केवढं केलं हे सगळी शाळा मला सांगत होती, आणि ते स्वतः माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. सोमवारची टिकली ते संगीताच्या बाईंकडून घेऊ लागले. मला फार लागलं ते.

दिवाळीच्या सुट्टीआधी मोठ्या सरांनी शिक्षकखोलीत येऊन जाहीर केलं, "आठवी ब मंजूर. बाई ऱ्हाणार!" सर्वांनी टाळ्या वाजवल्या, पेढे आले. ह्यांचा कारखाना अजून बंदच होता. मी पदराने डोळे पुसत होते. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि इतक्या महिन्यांनी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"म्हणजे पुढच्या जुलैत तुम्ही इथेच?"

"हो, सर."

"मग पुढच्या वेळी स्टंपकडे बघायचं."

पुढच्या वर्षी त्या दिवशी असा काही पाऊस लागला की समोरच्या इमारती दिसेनात. साडेबाराला सर स्टंप आणि छत्री घेऊन माझ्या वर्गाच्या दारात हजर. मी त्यांच्यामागून मैदानात गेले. त्यांनी चिखलात स्टंप रोवला, मी तो धरला, त्यांनी दोघांवर छत्री धरली. वर काळंभोर आभाळ, खाली नुसतं पाणी. सर आपल्या घड्याळाकडे बघत राहिले.

"आत्ता गेली," सर म्हणाले.

"हो, सर," मी म्हटलं. मी नजर हलवली नव्हती.